‘तसले पिणारे नाहीत’

“साहेब, आमचे हे तसले पिणारे नाहीत हो. रोज एक क्वार्टर, तीपण घरात बसून. कधी रस्त्यात पडले नाहीत, कुणाला वाकडं बोलले नाहीत.”

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी तीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. हे वाक्य तिथं एका बाईंनी माझ्यासमोर उच्चारलं, त्यालाही आता बराच काळ लोटला. तपासणीच्या टेबलावर त्यांचे यजमान होते. वय 41, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं, दंड आणि मांड्या मात्र वाळून गेलेल्या. गळ्यात काविळीची माळ. तीन आठवडे तेल-तूप बंद, डाळ बंद, दूध बंद. उसाचा रस आणि मऊ भात एवढ्यावर माणूस ठेवला होता. क्वार्टर तेवढी बंद झाली नव्हती, अर्ध्यावर आली होती.

बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांपुढं पिणाऱ्याचं जे चित्र होतं, त्यात त्यांचा नवरा बसत नव्हता. सकाळी आठला दुकान उघडणारा, मुलांच्या फिया वेळेवर भरणारा, वारीच्या दिंडीला दरवर्षी शिधा देणारा माणूस बेवडा कसा असेल? हे पुस्तक लिहायची गरज मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवली, म्हणून प्रस्तावनेची सुरुवात त्याच वाक्यानं करतो आहे.

आधी हिशेब मांडू. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. व्हिस्की-रमच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण 42.8 टक्के छापलेलं असतं. म्हणजे एका क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण 60 ग्रॅम. दिवसाला 60 ग्रॅम, वर्षाला बावीस किलो, दहा वर्षांत दोन क्विंटलांच्या वर. दुकानदार माणूस, त्याला ग्रॅममध्ये सांगितलं तेव्हा काही वाटलं नाही, क्विंटलमध्ये सांगितल्यावर तो गप्प झाला. ‘मी दारूला शिवत नाही, फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठीही तोच काटा आहे: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली म्हणजे 40 ग्रॅम. मोहाची असो, फेणी असो, देशी असो की ड्यूटी-फ्रीमधून आणलेली स्कॉच असो, यकृतापर्यंत पोचतो तो रेणू एकच. ‘नैसर्गिक’ आणि ‘इंग्रजी’ हे भेद बाटलीवरच्या लेबलाचे आहेत. विषारी दारूची गोष्ट वेगळी. 2015 साली मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनं, आणि ती काही दिवसांतच गेली. अशा घटनेची बातमी होते. वीस वर्षं इमानानं चांगल्या प्रतीची दारू पिऊन गेलेल्याची होत नाही.

‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं 1919 साली. शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी मनात दारूचं चित्र म्हणजे सुधाकर: सनद गेली, संसार उधळला, सिंधूचे हाल झाले. त्या चित्रानं समाजाचं भलं केलं यात शंका नाही. पण ते चित्र इतकं ठसठशीत आहे, की ज्याचा संसार उधळलेला नाही तो स्वतःला त्यात शोधतच नाही. नशा मेंदूची बाब आहे. यकृताला नशा होत नाही, त्याच्यापुढं येतात ते ग्रॅम. उलट ज्याला चढत नाही, ज्याचं मित्रमंडळीत ‘याला काही होत नाही’ म्हणून कौतुक होतं, तो न चढल्यामुळंच जास्त पितो आणि माझ्याकडं लवकर येतो.

आता दुसरी समजूत, आणि ही मला शिकलेल्या घरांत जास्त भेटते. ‘पिताना नीट खाल्लं की लिव्हरला काही होत नाही.’ या समजुतीला हसू नये, कारण एके काळी वैद्यकशास्त्राचंच हे मत होतं. इन्सुलिनच्या शोधात ज्यांचा वाटा आहे त्या चार्ल्स बेस्ट यांनी 1949 साली उंदरांवरच्या प्रयोगांवरून असं मांडलं, की अल्कोहोल यकृताला साखरेपेक्षा जास्त विषारी असल्याचा पुरावा नाही. बिघाड होतो तो कुपोषणामुळं. ते मत बदलायला चार्ल्स लीबर या न्यूयॉर्कमधल्या संशोधकाला आयुष्य घालावं लागलं. त्यांनी स्वखुशीनं तयार झालेल्या माणसांना आणि पुढं बबून माकडांना उत्तम, चौरस आहाराबरोबर अल्कोहोल दिलं. यकृतात चरबी साठलीच, आणि माकडांमध्ये ती पुढं सिरॉसिसपर्यंत गेली. हे सिद्ध होऊन पन्नास वर्षं झाली. चकण्याच्या ताटलीत काजू ठेवले काय आणि चिकन ठेवलं काय, क्वार्टरचे 60 ग्रॅम साठच राहतात.

आत काय घडतं ते पुस्तकात सविस्तर आहे. इथं वाचकाला वाट कळण्यापुरतं सांगतो. यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं, वजन सव्वा ते दीड किलो. प्यालेल्या दारूपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दारू तेच मोडतं. मोडताना आधी ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, आणि दारूपेक्षा जास्त घाव तेच घालतं. रोज भरपूर पिणाऱ्या शंभरांतल्या सुमारे नव्वद जणांच्या यकृतात चरबी साठते. ही पहिली पायरी, आणि इथून परतीची वाट अगदी सोपी आहे: दारू थांबली की काही आठवड्यांत चरबी ओसरते. काहींच्या यकृतात पुढं दाह सुरू होतो. दाह शमताना व्रण धरतात, व्रणांची जाळी होते, आणि वर्षानुवर्षांनी मऊ यकृताचा गाठीगाठींचा, आक्रसलेला गोळा होतो. त्याला सिरॉसिस म्हणतात. तिथं पोचतात शंभरातले दहा ते वीस.

‘मग उरलेल्या ऐंशींचं काय?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. ‘आमचा चुलता ऐंशीव्या वर्षापर्यंत रोज प्यायला.’ प्यायला असेल. कोण कुठल्या गटात पडणार हे काही अंशी जनुकं ठरवतात, काही अंशी वजन आणि मधुमेह, काही अंशी हिपॅटायटिस बी आणि सी. बायकांच्या यकृताला कमी दारूत आणि कमी वर्षांत इजा होते. पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या माणसाच्या यकृतात आधीच चरबी असते. त्यावर दारू पडली की दोन्हींची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. आपल्या शहरांतला चाळिशीचा पुरुष आज नेमका असा आहे. चुलत्याच्या काळी तो तसा नव्हता.

या आजाराची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तो दुखत नाही. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. दात किडला तर माणूस रात्रभर तळमळतो. यकृत निम्मं निकामी झालं तरी तो सकाळी दुकान उघडतो. रक्ताच्या तपासणीवरही डोळे झाकून विसंबू नये. सिरॉसिस झालेल्या माणसाचं एसजीपीटी पुष्कळदा नॉर्मल येतं, आणि तो कागद खिशात घालून माणूस निर्धास्त होतो. दारूच्या यकृतदाहात एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास किंवा वर असतं, प्लेटलेट हळूहळू उतरत जातात, सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली दिसते. या बारीक खुणा एकत्र वाचाव्या लागतात. यकृत किती कडक झालं हे सांगणारी फायब्रोस्कॅन तपासणी आता मोठ्या शहरांत मिळते. सुई न टोचता दहा मिनिटांत होते. तळहात लाल होणं, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा उमटणं, संध्याकाळी पावलांवर सूज येणं, या खुणा घरच्या माणसाला डॉक्टरांच्या आधी दिसू शकतात.

पथ्याच्या प्रकरणावर मी या पुस्तकात सर्वांत जास्त पानं घातली आहेत, आणि ती जाणून घातली आहेत. काविळीची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुणं, नाकात थेंब सोडणं, मनगटावर डागणं यांबद्दल मी रुग्णांशी वाद घालत नाही. माळेनं यकृताचं नुकसान होत नाही, फक्त वेळ जातो. नाकात सोडलेल्या रसानं मात्र रक्तस्राव झालेले रुग्ण मी पाहिलेत. पण या सगळ्यांहून घातक आहे ती ‘कावीळ म्हणजे तेल-तूप-डाळ बंद’ ही आज्ञा, आणि ती आजही काही दवाखान्यांतून दिली जाते. दारूनं यकृत बिघडलेला माणूस मुळातच उपाशी असतो. निम्म्या कॅलरी त्यानं बाटलीतून घेतलेल्या असतात, स्नायू झडलेले असतात. सिरॉसिसच्या यकृतात साखरेचा साठा राहत नाही. त्याची एका रात्रीची उपासमार निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाएवढी पडते, आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. अशा माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागं सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात: डाळ, उसळ, दही, अंडी, पनीर, शेंगदाण्याचा कूट. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खाल्लंच पाहिजे, मग तो राजगिऱ्याचा लाडू असो की दूध-पोळी. एकादशी, नवरात्र, चातुर्मास यांतले उपास त्याच्यासाठी नाहीत. बंद करायचं ते मीठ, तेही पोटात पाणी किंवा पायांवर सूज असेल तेव्हा: दिवसाला सगळं मिळून एक चमचा, म्हणजे पापड, लोणचं, फरसाण आणि ठेचा ताटातून गेले. गुंगी येण्याच्या भीतीनं प्रथिनं तोडण्याचा सल्ला जुना झाला. गुंगीवर औषधं आहेत, लॅक्टुलोज त्यांत पहिलं. त्या दुकानदाराची डाळ मी त्याच दिवशी सुरू केली. त्याच्या आईचा माझ्यावरचा राग मला आठवतो.

उपचारांबद्दल पुस्तकात पुष्कळ आहे. पोटातलं पाणी उतरवणाऱ्या गोळ्या, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना एंडोस्कोपीनं बँड लावणं, दर सहा महिन्यांनी कर्करोगासाठी सोनोग्राफी, हिपॅटायटिस बीची लस. अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नयेत हे तर मी पानोपानी लिहिलं आहे, कारण सिरॉसिसमध्ये त्या मूत्रपिंडं घालवतात. पण औषधांची मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दारूच्या तीव्र यकृतदाहात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं जातं. ब्रिटनमधल्या 1103 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. पहिल्या महिन्यात स्टेरॉइडचा थोडा फायदा झाल्यासारखा दिसला, तोही निर्विवाद नाही, आणि वर्षभरानं काही फरक उरला नाही. त्याच्याशेजारी 1968 सालचा एक जुना अभ्यास ठेवतो. येल विद्यापीठातल्या पॉवेल आणि क्लॅटस्किन यांनी सिरॉसिसच्या रुग्णांचा माग काढला. ज्यांनी दारू सोडली त्यांतले 63 टक्के पाच वर्षांनी जिवंत होते. पीत राहिलेल्यांतले 40 टक्के. तेव्हा आजची औषधं नव्हती, बँड नव्हते, प्रत्यारोपण प्रयोगावस्थेत होतं. फरक केला तो फक्त थांबण्यानं. सिरॉसिस झाल्यावर ‘आता सोडून काय उपयोग’ म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी हे दोन आकडे आहेत.

प्रत्यारोपणाबद्दल लोक फार आशेनं विचारतात. सहा महिने दारू सोडल्याशिवाय यकृत द्यायचं नाही, असा संकेत जगभर होता. 2011 साली फ्रान्स-बेल्जियममधल्या डॉक्टरांनी तो मोडून पाहिला. पहिल्याच तीव्र यकृतदाहात स्टेरॉइडला दाद न दिलेल्या, आणि घरचा भक्कम आधार असलेल्या 26 जणांना त्यांनी थांबायला न लावता यकृत दिलं. सहा महिन्यांनी त्यांतले 77 टक्के जिवंत होते. तशाच, पण यकृत न मिळालेल्या रुग्णांतले 23 टक्के. त्यानंतर विचार बदलला, आणि ते योग्यच झालं. तरी आपल्याकडं मेंदूमृत दात्यांकडून मिळणारी यकृतं थोडी, खर्च वीस लाखांच्या घरात किंवा वर, आणि बहुतेक यकृतं येतात घरातल्या जिवंत माणसाकडून. माझ्या पाहण्यात ते माणूस बहुधा बायको असतं. दारूचा त्रास जिनं सोसला तिनंच पोट फाडून यकृताचा तुकडा द्यायचा. ती हसत ‘हो’ म्हणते तेव्हा तिला कुणी एकटीला बाजूला बसवून ‘तुमची खरंच इच्छा आहे का’ असं विचारलं पाहिजे. कायदा तशी मुलाखत मागतो. माझी प्रत्येक सहकाऱ्याला विनंती आहे, ती मुलाखत नुसता कागद भरण्यासाठी घेऊ नका.

आता त्या दुकानदाराचं पुढं काय झालं ते सांगतो. पहिल्या खेपेला तो वाचला. बावीस दिवसांनी घरी गेला. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर मी माझ्या हातानं लिहिलं होतं: ‘दारू पूर्ण बंद.’ तीन शब्द. पाण्याच्या गोळीची मात्रा लिहिली, वेळ लिहिली, पुन्हा कधी दाखवायचं ते लिहिलं. दारूच्या बाबतीत फक्त हुकूम लिहिला. साडेचार महिन्यांनी तो रक्ताच्या उलट्या घेऊन आला आणि त्याच रात्री गेला. आजाराचं मूळ ज्यात होतं, त्यावर मी उपचार केलाच नव्हता. ‘दारू सोडा’ हा सल्ला आहे. मधुमेह्याला ‘साखर कमी करा’ एवढंच सांगून कुणी घरी पाठवत नाही. दारूच्या बाबतीत आम्ही डॉक्टर रोज तसंच पाठवतो.

या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे: दारू सोडवणं हा यकृताचा उपचार आहे, आणि तो औषधासारखा मात्रेनं, पाठपुराव्यानं, चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागतो. केंद्र सरकारनं ‘एम्स’कडून करवून घेतलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणं देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, त्यांतल्या 5.7 कोटींना मदतीची गरज आहे. आणि व्यसनात अडकलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. यकृताचा डॉक्टर एका इमारतीत, मनोविकारतज्ज्ञ दुसऱ्या, व्यसनमुक्ती केंद्र गावाबाहेर, आणि कावीळ झालेला माणूस या तिन्हींच्या मधल्या रस्त्यावर. पुण्यात 1986 साली सुरू झालेलं ‘मुक्तांगण’, गावोगावच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा, गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’नं उभं केलेलं काम, हे सगळं आपल्याच महाराष्ट्रात आहे. माझ्यासारख्या फिजिशियननं तिथं चिठ्ठी लिहून रुग्ण पाठवायला, आणि तो पोचला का हे फोन करून विचारायला शिकलं पाहिजे. औषधंही आहेत. सिरॉसिसच्या रुग्णांना बॅक्लोफेन देऊन 2007 साली इटलीत केलेल्या चाचणीत बारा आठवडे दारूपासून दूर राहणारे 71 टक्के होते. नकली गोळी घेणाऱ्यांत 29 टक्के. याउलट ‘न सांगता दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि चहातून गुपचूप दिलेली डायसल्फिरामची गोळी, हे दोन्ही जिवावर बेतू शकतं. डायसल्फिरामनं यकृतच बिघडू शकतं. मुळात अंधारात ठेवून कुणाचं व्यसन सुटत नाही.

दारूबंदी असावी की नसावी, या वादात मी पुस्तकभर शिरलेलो नाही. वर्धा, गडचिरोली, आणि 2015 ते 2021 या काळातलं चंद्रपूर, यांचे अनुभव त्यावर बोलणाऱ्यांनी मांडावेत. एवढंच नोंदवतो, की दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये वाइन रेशनवर आली तेव्हा पॅरिसमधले सिरॉसिसचे मृत्यू काही वर्षांतच सुमारे एकपंचमांशावर आले, आणि रेशन उठल्यावर पुन्हा चढले. दारू मिळणं अवघड झालं की माणसं वाचतात, एवढं त्यावरून दिसतं.

श्रावणाबद्दल मात्र आग्रहानं सांगतो. गटारी झाली की आपल्याकडं असंख्य पुरुष महिनाभर दारूला शिवत नाहीत. ‘मी श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही’ असा त्याचा अर्थ ते लावतात. तो अर्थ बरोबर आहे की नाही ते बाजूला ठेवू. माझं म्हणणं, श्रावण सुरू होण्याआधी एकदा आणि संपताना एकदा रक्त तपासा. एका महिन्यात यकृत किती सावरतं हे स्वतःच्या कागदावर पाहिलेल्या काही जणांनी माझ्याकडं भाद्रपदातही पुन्हा सुरुवात केलेली नाही. मी दिलेल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्या दोन कागदांचा उपयोग जास्त झाला.

शेवटी एक सूचना, आणि ती पुस्तक उघडण्याआधी वाचावी. हे वाचून कुणी आज रात्रीपासूनच एकदम बंद करायचं ठरवलं, तर त्या निश्चयाला माझा नमस्कार. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं, सकाळी हात कापत असतील त्यानं तर नक्कीच, हे एकट्यानं घरी करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसू लागतात, माणूस उठून पळतो. घरचे ‘बाहेरचं काही झालं’ समजून भलतीकडंच नेतात, आणि त्यात माणसं दगावतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिनची इंजेक्शनं आणि योग्य औषधं देऊन हेच पाच-सात दिवस सुरक्षित जातात. कुणाकडं जावं ते कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस 14416 हे दोन्ही नंबर मोफत आहेत. आधी फोन करा, मग पुस्तक वाचा.